आईचा विमा आणि अकरा उंबऱ्यांची साखर

आईला काशीला जायला एकच अडचण होती : तिला मधुमेह होता.

(हे असं पहिल्याच ओळीत सांगून टाकलं म्हणून आई वर बसून मला शिव्या घालत असेल. घालू दे. जिवंत असेपर्यंत तिनं ही गोष्ट वाडीत कुणाला कळू दिली नाही, आणि त्या लपवाछपवीपायीच पुढचा सगळा घोळ झाला.)

साल पंचावन्नच्या आसपासचं असेल. आमची वाडी गुंजवण्याच्या वर, राजगडाच्या अंगाला. घरं सहा, शेरडं दोनशे आणि शिकलेला माणूस एक. तो मी. खालच्या गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, त्यामुळं जगातलं सगळं मला कळतं असं वाडीचं मत होतं. माझंही तेच मत होतं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, माझं लग्न व्हायचं होतं, आणि घरात आम्ही दोघंच : मी आणि आई.

आदल्या वर्षी आईच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि दोन महिने जखम भरेना. तेव्हा तिला भोरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं झालं हिरवं, हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं विटेसारखं लाल. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे."

मी म्हणालो, "साहेब, हा रोग गादीवर बसून खाणाऱ्यांना होतो म्हणतात. ही तर रोज शेरडांमागं सात-आठ मैल चालते."

"म्हणून तर अजून चालतेय," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी पथ्य सांगितलं. गोड बंद, भात कमी, दुधी, पडवळ, मेथी, कारलं पोटभर. आईनं पथ्य मुकाट्यानं धरलं, पण एका अटीवर. घरी येताना चढाला थांबून ती मला म्हणाली, "ह्ये वाडीत कुणाला सांगशील तर बग. आज रोग सांगितला, तर उद्या सोयरीक घिऊन येनारा म्हनंल, सासू रोगाची हाय."

सोयरीक माझीच होती, तेव्हा मीही तोंड शिवून घेतलं.

आता काशीकडे येतो. माझी मावशी वरव्याला दिली होती, वरवे बुद्रुकला. आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. आई तिला आक्का म्हणायची. भोरच्या एका यात्रावाल्यानं वीस दिवसांची काशीयात्रा काढली होती, त्यात मावशीनं नाव घातलं आणि आईला सांगावा धाडला, 'येतीस का?' आई दोन दिवस शेरडांमागंच फिरली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "गंगा काय आटत न्हाई रं. काशी आज न्हाई तर फुडल्या साली. पर आक्कासंगं वीस दिस! आरं, धाव्या वर्साला माजं लगीन झालं. तवापास्नं आमी दोघी येका घरात दोन रातींच्या वर न्हाई ऱ्हायलो. त्या बी कुनाच्या लग्नात न्हाईतर कुनाच्या मौतीला. आमाला कंदी निवांत भांडायला बी घावलं न्हाई."

आईनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, तू जाणार म्हणजे जाणार.

आणि इथंच विमा आडवा आला. आदल्या वर्षी यात्रावाल्याचा एक म्हातारा वाटेत आजारी पडला होता, त्याला परत आणता आणता यात्रावाल्याच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळं यंदा त्यानं नियमच करून टाकला : प्रवासाचा विमा असेल तर जागा, नसेल तर घरी बसून गंगास्तोत्र म्हणा.

मी विमा काढायला निघालो. पहिला एजंट भोरचाच. त्यानं पिशवीतून कागद काढले, टाक शाईत बुडवला, म्हणाला, "आजारबिजार काही?" मी म्हणालो, "मधुमेह." त्यानं टाक पुसला, कागद पिशवीत घातले आणि पावसापाण्याची चौकशी केली. दुसरा सासवडकडचा. तो म्हणाला, "मास्तर, शेरडांचा काढायचा असेल तर बघतो." तिसरा पुण्याहून आठवड्यातून एकदा भोरला येणारा, चष्मेवाला, शांत माणूस. तो मधुमेह ऐकून पळाला नाही, एवढ्यावरच मी त्याच्या पाया पडायच्या बेतात होतो.

तो म्हणाला, "काढता येईल. पण दोन अटी आहेत. सोमवारी डॉक्टरांसमोर तपासणी. नळी निळी राहिली किंवा फार तर हिरवट झाली तर विमा. पिवळी-लाल झाली तर मला सही करता येणार नाही. आणि दुसरं, अशा माणसाबरोबर रक्ताच्या नात्यातला एक तरुण माणूस सोबत पाहिजे. त्याचाही विमा, त्याचीही तपासणी."

"सोबत मी आहे की," मी छाती काढून म्हणालो. "माझी काय काळजी करता? मला काय धाड भरलीय?"

(हे वाक्य लक्षात ठेवा.)

हातात आठ दिवस होते. पथ्याची सूत्रं मी माझ्याकडे घेतली. आई वर्षभर बिनतक्रार पथ्य पाळत होती, माझ्या सूत्रांची तिला काडीची गरज नव्हती. पण शिकलेल्या माणसानं गप्प बसायचं कसं? मी कागदावर तक्ताच केला. सकाळी मेथी, दुपारी कारलं, संध्याकाळी पडवळ. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तक्ता मी रोज तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. ती तेवढा वेळ शेरडांकडे निघून जायची.

एक गोष्ट मात्र तक्त्यात घालायची राहिली. आमच्याकडे काशीला जाणाऱ्या माणसाला निघायच्या आधी घरोघर जेवायला बोलावतात. त्याला जेवू घातलं की काशीचं अर्धं पुण्य आपल्या पदरात पडतं, असा हिशेब. स्वस्तातली काशी म्हणा ना. आणि त्या जेवणात गोड नसेल तर पुण्य लागत नाही!

पहिलं बोलावणं शेजारच्या ठकूमामीचं. ठकूमामी म्हणजे आमच्या वाडीचं पोलीस ठाणं, चावडी आणि टपाल कचेरी, तिन्ही एकाच लुगड्यात. आई काशीला गेल्यावर आमची शेरडं तीच बघणार होती, त्यामुळं तिला नाही म्हणायची सोयच नव्हती. ती दारात येऊन म्हणाली, "पारू, उद्या सांच्याला दोगं बी जेवाय या. पुरन घालतीया."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पटकन बोलून गेलो, "मामी, पुरण नका घालू. आईला गोड नाही आवडत."

"पारूला?" मामी म्हणाली. "माज्या लग्नात धा पोळ्या खाल्ल्या हुत्या हिनं."

"तेव्हा आवडायचं. आता तिला कारलं आवडतं," मी म्हणालो. "लई आवडतं. कारलं दिसलं की तिला दुसरं काही सुचत नाही."

माझ्या मते हा मोठाच मुत्सद्दीपणा होता. शेरडू विहिरीत पडताना बघावं तशी आई माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ठकूमामीनं पुरणही घातलं आणि कारलंही केलं. पुरण पुण्यासाठी, कारलं पारूसाठी. मी पहिला घास आईच्या तोंडाशी जायच्या आत विचारलं, "मामी, कारल्यात गूळ घातलाय का?"

"मग? गुळाबिगर कारलं मानसं खात्यात व्हय?"

आता गूळ कारल्यातून काढणार कसा? मी आईचं ताट माझ्याकडे ओढलं, माझ्या ताटातली भाकरी नि मेथी तिच्याकडे सरकवली आणि म्हणालो, "आईचं कारलं बघून मलाच राहवेना." मग पोळ्या उरल्या. त्या टाकल्या असत्या तर मामीचं पुण्य वाया गेलं असतं. मी पाच खाल्ल्या. आईच्या वाट्याच्या तीन आणि माझ्या दोन.

तेव्हापासून ही रीतच पडली. रोज एक घर, रोज एक पुरणपोळी नाहीतर गुळाचा शिरा नाहीतर तांदळाची खीर, आणि सगळीकडे पारूबाईंना आवडतं म्हणून कारलं. (वाडीला ही बातमी ठकूमामीनं एका दुपारात पोचवली होती.) मी आधी निरोप धाडायचो, "कारल्यात गूळ नको, आईला कडूच आवडतं." त्यावर बायकांत चर्चा सुरू झाली की काशीला जायच्या आधीच पारूबाईला वैराग्य आलंय. आई बिचारी नुसतं कारलं आणि भाकरी खायची आणि मी तिच्या वाट्याचं गोड संपवायचो. आईसाठी. निव्वळ आईसाठी. चौथ्या दिवशी माझ्या सदऱ्याचं खालचं बटण लागेना, पाचव्या दिवशी शाळेत वर्ग घेता घेता मला डुलकी लागली, पण मी मागे हटलो नाही.

सोमवार उजाडला. आई नवं लुगडं नेसली. मी म्हणालो, "आज आपण जिंकलो. आठ दिवस तुझ्या पोटात गोडाचा कण नाही."

आणि आम्ही दाराबाहेर पाऊल टाकलं, तर समोर ठकूमामी. हातात वाटी.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, महत्त्वाच्या कामाला माणूस निघाला की त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. परीक्षा असो, कज्जा असो, सोयरीक असो. आई विम्याच्या कामाला भोरला निघालीय एवढं वाडीला माहीत होतं. तिथं तपासणी कसली होणार, ते माहीत नव्हतं. म्हणून साखर नाही हे सिद्ध करायला निघालेल्या माझ्या आईच्या तळहातावर ठकूमामीनं चांगली मूठभर साखर ठेवली आणि वर दह्याचा गोळा ठेवला.

मी म्हणालो, "मामी, आईला उपास आहे."

"दही-साकर उपासाला चालती," मामी म्हणाली. हे खरंच होतं. आख्ख्या वाडीला हे पाठ होतं. फक्त मलाच ऐन वेळी आठवलं नाही.

हातावर पडलेली साखर झटकून टाकली तर काम मोडतं. टाकायची नाही, खायची नाही, आणि ठकूमामी वाटी घेऊन तोंडाकडे बघत उभी. आईनं एक क्षण विचार केला. मग तिनं हात माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाली, "लेकाच्या तोंडात पडलं म्हंजे मलाच पोचलं."

ठकूमामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गिळलं.

एसटी धरायला आम्हाला साडेतीन मैल उतरून खाली रस्त्याला जावं लागायचं. वाटेत आमच्या वाडीची उरलेली चार घरं, मग मधल्या वाडीची चार, मग ओढ्याजवळची दोन. आणि प्रत्येक उंबऱ्यात कुणी ना कुणी वाटी घेऊन उभं. मामीनं आदल्या दिवशीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. कुणाकडे दही-साखर, कुणाकडे गूळ-खोबरं. मधल्या वाडीत तर एका म्हातारीनं साखर संपली म्हणून काकवीची वाटीच आईच्या ओंजळीत रिकामी केली. आई हात पुढे करायची, वळायची आणि माझ्या तोंडाला लावायची. सहाव्या घरापर्यंत मी आपला आज्ञाधारक मुलगा होतो. आठव्या घराला मी "आय, पुरे" म्हणालो. दहाव्या घराला म्हणायलाही तोंड उघडवेना. ओढ्याजवळच्या शेवटच्या घरातला माणूस म्हणाला, "मास्तरांची आयेवर लई माया." माझे ओठ काकवीनं एकमेकांना चिकटले होते, म्हणून मी नुसती मान हलवली.

भोरच्या स्टँडवर मावशी उभी होती. तिचीही तपासणी होती. तिनं आईला मिठी मारली, दोघी जरा रडल्या, आणि मग मावशीनं कनवटीतून पुडी काढली. "पारे, शुब काम हाय. त्वांड गोड कर." पुडीत दोन पेढे.

आईनं मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मावशीलाही तिनं रोगाचं सांगितलं नव्हतं. मी डोळे मिटून तोंड उघडलं.

दवाखान्यात विमा एजंट आधीच येऊन बसला होता. तिघांनी तीन बाटल्या दिल्या. डॉक्टरांनी मला शिकलेला म्हणून जवळ उभं केलं. मावशीची नळी निळीच्या निळी. मग आईची. दिव्यावर निळं औषध उकळलं, जरासं हिरवट झालं आणि तिथंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, "छान. वर्षभर पथ्य नीट सांभाळलंय बाईंनी."

एजंटनं टाक शाईत बुडवला. आईनं मावशीचा हात घट्ट धरला. मी तर खुर्चीतच बसलो. आठ दिवसांचं ओझं उतरलं आणि मला वाटलं, आता काशी म्हणजे हातभर अंतरावर.

"आता सोबतीचे," डॉक्टर म्हणाले आणि माझी नळी दिव्यावर धरली.

ती निळी होती. मग हिरवी झाली. मग पिवळी झाली. मी मनात म्हणतोय, थांब. ती थांबली नाही. चांगली भट्टीतून काढलेल्या विटेसारखी लालभडक झाली, आणि डॉक्टर नळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघायला लागले.

"मास्तर, आज काय खाल्लंत?"

"विशेष काही नाही."

"खरं सांग," आई म्हणाली.

"दही-साखर," मी म्हणालो.

"किती?"

"अकरा."

"अकरा चमचे?"

"अकरा घरं. त्यात एक काकवीचं. आणि दोन पेढे."

"आणि काल?"

"पुरणपोळी." मग आईच्या नजरेला भिऊन मी सगळंच सांगितलं. परवा शिरा, तेरवा खीर, त्याच्या आधी पुन्हा पुरणपोळी.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, तुमच्या आईला रोग आहे आणि त्यांना पथ्य कळतं. तुम्हाला रोग नाही." इथं ते जरा थांबले. "बहुधा नाही. कधी कधी भलतंच गोड ओरपलं की धडधाकट माणसाचीही नळी लाल होते. तीन दिवस गोड बंद करा आणि गुरुवारी या. तेव्हाही लाल आली तर मग आपल्याला नीट बोलावं लागेल."

एजंटनं टाक पुसून खाली ठेवला. "सोबत पास झाल्याशिवाय मला बाईंच्या कागदावर सही करता येत नाही. गुरुवारी संध्याकाळी मी पुण्याला परत जातो. यात्रा शनिवारी निघते." तो बिचारा वाईट वाटून बोलत होता, पण बोलला ते हेच.

वर्षभर कारलं खाऊन आईनं आपलं काम केलं होतं, आणि मी आठ दिवस पुरणपोळ्या खाऊन ते बुडवलं होतं. मला खरंच रडू यायला लागलं. शिवाय ते 'बहुधा' डोक्यातून जाईना, ते वेगळंच. मावशी म्हणाली, "पारे, तुला रोग हाय आन् मला सांगितलं न्हाईस?" आणि दोघींचं तिथं दवाखान्यातच पहिलं निवांत भांडण झालं.

चढ चढताना आई म्हणाली, "आठ दिस माज्या नावानं जेवलास. आता तीन दिस माज्या नावानं उपाशी ऱ्हा."

वाटेत सगळी घरं वाट बघत होती. ओढ्याजवळच्या घरातून हाक आली, "पारूबाय, झालं का काम?" आणि गूळ-पाण्याचा तांब्या बाहेर आला. आता इथं पुन्हा लपवायचं म्हटलं असतं तर तो सगळा गूळ पुन्हा माझ्याच नरड्यात उतरला असता. आई थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पापणी न हलवता म्हणाली, "माजं झालं. मास्तरचं अडलं. डाक्टरला त्याच्यात साकर घावली."

मी "आय!" म्हणालो. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. अकराच्या अकरा घरांना ती हेच सांगत गेली. तिचं गुपित सुखरूप राहिलं आणि माझ्या सोयरिकीचे मात्र बारा वाजले.

पण वाडी वाडीच. मास्तर गुरुवारी पास झाला नाही तर पारूची काशी बुडते, आणि पारूची काशी बुडली तर आपण घातलेल्या जेवणांचं पुण्यही बुडतं, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. मग जो तो माझ्या पथ्याच्या मागे लागला. सकाळी ठकूमामी दारात उभी, हातात पेला. "कारल्याचा रस हाय. फुडं बग आन् पी." दुपारी मधल्या वाडीतून डब्यातून कारल्याची भाजी. बिनगुळाची, मास्तरनंच शिकवलेली. शाळेत खडू घेऊन फळ्याकडे वळलो तर खिडकीतून कुणीतरी डोकावून जायचं, मास्तर चोरून काही खातोय का बघायला. रात्री आई तक्ता घेऊन बसायची. वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून तो तिला पाठ झाला होता. "सक्काळी मेथी," ती म्हणायची, "दुपारच्याला कारलं, सांच्याला पडवळ." आणि मी शेरडांकडे निघून जायचो.

गुरुवार आला. दाराबाहेर पाऊल टाकलं तर समोर ठकूमामी. हातात वाटी.

मी दोन्ही हात पाठीमागं नेले. "मामी, साखर चालत नाही मला."

"म्हाईत हाय की. पर शुब कामाला हात मोकळा कसा पाठवायचा?" असं म्हणून तिनं माझ्या तळहातावर दही ठेवलं आणि दह्यावर कडुनिंबाची पानं. "झटकू नगंस. काम मोडतं."

अकरा घरं, अकरा वेळा कडुनिंब. काकवीवाल्या म्हातारीकडे कडुनिंब नव्हता, तिनं मेथ्यांची मूठ दिली. ओढ्याजवळच्या घरात त्या माणसानं माझ्याकडे कौतुकानं बघत म्हटलं, "मास्तरांची आयेवर लई माया." या खेपेला माझं तोंड उघडं होतं, पण बोलण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. आई बाकावर, मावशी तिच्या शेजारी, एजंट दाराशी बॅग घेऊन उभा. औषध उकळलं. बुडबुडे आले. निळं होतं ते निळं राहिलं. डॉक्टरांनी आणखी जरा धरलं. तरी निळंच.

"हा रोग नव्हता मास्तर," डॉक्टर म्हणाले. "हा हावरटपणा होता. त्याचा विमा निघत नाही, पण प्रवासाचा निघेल."

एजंटनं उभ्या उभ्याच सह्या केल्या. आईनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघतो तर हसतेय. मावशीही हसतेय. मला एवढं हलकं वाटलं की त्या एजंटला मी मिठीच मारली. त्याच्या कोटाला मेथीचा वास लागला असणार.

शनिवारी आम्ही निघालो. आई आणि मावशी आगगाडीच्या डब्यात शेजारी शेजारी बसल्या आणि पहिल्या घाटाच्या आत खिडकीवरून भांडल्या. मग पुढचे वीस दिवस त्या बोलल्या, भांडल्या, पुन्हा बोलल्या. एकदा रात्री दोघी एकाच वळकटीवर डोकं ठेवून झोपलेल्या मी पाहिल्या, आणि म्हटलं, हे बघायला मी आणखी अकरा घरांचा कडुनिंब खाल्ला असता.

काशीला एक रीत आहे. गंगेत उभं राहून आपला आवडता पदार्थ कायमचा सोडायचा. मी घरून ठरवूनच आलो होतो की आई गोड सोडेल. पथ्याचं पथ्य, पुण्याचं पुण्य. मावशीनं वांगं सोडलं. मग भटजींनी आईला विचारलं, "आपण काय सोडता?"

आईनं हात जोडले. "कारलं."

"आय!" मी पाण्यातूनच ओरडलो. "कारलं कसं सोडतीस? ते तुला औषध आहे!"

"आवडीचं सोडायचं आसतंय," आई म्हणाली. "तूच सांगितलंस ना समद्या वाडीला, आयेला कारलं लई आवडतंय म्हनून? आता गंगंवर खोटं पाडू व्हय तुला?"

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. "आणि आपण?"

"भोपळा," मी घाईनं म्हणालो. भोपळा मला लहानपणापासून आवडत नाही.

"भटजी, त्यो खोटं बोलतोय," आई शांतपणे म्हणाली. "त्याला गोड आवडतं. लिवा, साकर."

गंगेच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहून खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. साखर सुटली. आईनं पुढं दुधी, पडवळ आणि मेथीवर पथ्य नीट चालवलं, म्हातारी होऊन ऐंशीला टेकली, पण कारल्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. माझं लग्न झालं, पोरं झाली, पोरांच्या लग्नातली जिलबी मी नुसती वाढली. दरवर्षी डॉक्टर मला तपासतात आणि म्हणतात, मास्तर, तुम्हाला मधुमेह नाही, चहात साखर घ्यायला हरकत नाही. आई असेपर्यंत ती रोज सकाळी ओसरीवर बसून माझ्या बिनसाखरेच्या चहाकडे बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरात येकाला तरी पथ्य जमलं बाई."